सोलापूरहून पाण्याखालचा इतिहास बघायला निघालात? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

टॉवेलच्या मशिनरीसाठी इटलीला जायचं झालं होतं, तेव्हा दोन दिवस जास्तीचे काढून मी बायाला जाऊन आलो. हो, गावाचं नावच बाया आहे, काय हसायचं ते आत्ता हसून घ्या. तिथं समुद्राच्या तळाशी रोमन लोकांचं शहर आहे आणि स्कुबा करून, म्हणजे पाठीला हवेचा सिलिंडर बांधून पाण्याखाली जाऊन, ते बघता येतं. आल्यापासून लग्नात, गड्ड्याच्या जत्रेत, कारखान्याच्या गेटवर, जो भेटेल तो तेच तेच विचारतोय, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून काढावं.

सोलापुरात समुद्र नाही, धड नदी नाही, नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं. तुला हे सुचलंच कसं बे?

उजनीमुळे. लहानपणी पुण्याला जाताना एसटीच्या खिडकीतून वडील दाखवायचे, तिकडं पाण्यात पळसदेवचं देऊळ आहे म्हणून. मला कधी दिसलं नाही, नुसतं पाणीच दिसायचं, पण पाण्याखाली आख्खं देऊळ उभं आहे हे डोक्यातून काही गेलं नाही. पुढं पस्तिशीत पोहायला शिकलो, मग तारकर्ली, मग बाया. सुरुवात मात्र त्या खिडकीतच झाली.

मग ते पळसदेवचं देऊळच डाइव्ह करून बघू की, इटलीला कशाला जायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून उत्तर जरा लांबलंय.

उजनीचं धरण १९८० ला पूर्ण झालं आणि भीमेच्या काठची बरीच गावं पाण्यात गेली. पळसदेव त्यातलंच, आपल्या जिल्ह्यात नाही, पलीकडं इंदापूर तालुक्यात. गाव उठून पुणे-सोलापूर रोडला आलं, हेमाडपंती देऊळ तिथंच राहिलं. आता डाइव्ह का नको ते सांगतो. एक म्हणजे उजनीचं पाणी. हिरवं, गढूळ, आत हात घातला तर कोपर दिसत नाही, टॉर्च लावला तर समोर नुसता हिरवा पडदा. दुसरं म्हणजे मासेमारीची जाळी. फाटलेली, तुटलेली जाळी झाडाच्या खोडांना आणि दगडांना अडकून राहतात, दिसत नसताना त्यात पाय गुंतला तर खेळ खलास. तिसरी गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही. धरण भरलं की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटरवर असते आणि डायव्हिंगमध्ये ३०० मीटरच्या वर गेलात की ते उंचीवरचं डायव्हिंग धरतात, त्याचं गणित वेगळं, ट्रेनिंग वेगळं. शिवाय धरणात असं उतरायला परवानगी लागते, ते वेगळंच.

आणि मुळात गरजच काय? आपल्याकडं पेपरात रोज उजनीची टक्केवारी येते. शून्य टक्के म्हणजे धरण कोरडं पडलं असं नाही, वापरायचं पाणी संपलं, त्याखाली साठेक टीएमसी मृतसाठा असतोच. तो उपसायला लागले की आकडा मायनसमध्ये जातो आणि मायनसमध्ये खोल गेला की पळसदेवचं देऊळ पायापासून उघडं पडतं. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी वजा पन्नासच्याही खाली गेली होती, तेव्हा लोक चालत देवळात जाऊन आले, मीही गेलो. चिखल वाळून त्याला भेगा पडलेल्या, दगडाला शिंपले चिकटलेले, आणि आत गारवा एवढा की बाहेर मे महिना चालू आहे हे विसरायला होतं. जगात लोक पैसे खर्चून पाण्याखाली जातात ते बघायला, आपल्याकडं दुष्काळ पडला की पाणीच बाजूला होतं. आनंद मानावा की रडावं कळत नाही.

बोटीनं जाणार असाल तर लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसू नका. त्याच वर्षी मे महिन्यात कुगाव-कळाशीच्या मध्ये वादळात बोट उलटून सहा माणसं गेली. उन्हाळ्यात दुपारनंतर वावटळ कधी उठेल सांगता येत नाही, सकाळी जा, सकाळीच परत या.

मालवणला स्कुबा केलंय मी, व्हिडिओ पण आहे. म्हणजे डायव्हर झालो ना?

नाही ओ. त्यात तुम्ही पाहुणे असता. इन्स्ट्रक्टर मागून सिलिंडरला धरतो, तरंगायच्या जॅकेटमधली हवा तोच कमी-जास्त करतो, तुम्ही माशाला ब्रेड दाखवत फोटो काढून घेता. मजा येते, वाईट काही नाही, मीही तिथूनच सुरुवात केली. पण पुरातत्त्वाच्या जागी जायचं तर स्वतःचं शरीर स्वतःला सांभाळता आलं पाहिजे. त्यासाठी ओपन वॉटर नावाचा कोर्स असतो. तीन-चार दिवस, थोडी थिअरी, स्विमिंग पूलमधला सराव आणि समुद्रात चार डाइव्ह. तो केलात की जोडीदाराबरोबर १८ मीटरपर्यंत जाता येतं. दहा वर्षांच्या पुढची पोरं ज्युनिअर म्हणून करू शकतात.

सोलापूरहून सोयीचं म्हणजे तारकर्ली, तिथं एमटीडीसीची स्कुबाची संस्था आहे आणि शिकवायला खास खोल टँक बांधलाय. नाहीतर विजापूर-हुबळी मार्गे मुरुडेश्वर गाठायचं, तिथून नेत्राणी बेटावर नेतात. पैसे आणि सुट्टी दोन्ही असेल तर अंदमान, पाणी काचेसारखं. पावसाळ्यात कोकण किनाऱ्याचं सगळं बंद असतं, त्यामुळं ऑक्टोबर ते मे धरा, त्यातही डिसेंबर-जानेवारी बरं. रेट सीझनप्रमाणे हलतात म्हणून लिहीत नाही.

पोहता येत नाही. चालेल?

मालवणच्या त्या पाहुण्यावाल्या प्रकाराला चालतं. कोर्सला नाही चालत, २०० मीटर पोहावं लागतं आणि दहा मिनिटं नुसतं तरंगून दाखवावं लागतं. वेळ कितीही घ्या, स्टाईल कुठलीही चालते. मी आपल्या इथल्याच पूलला तीन महिने सकाळी जाऊन शिकलो, माझ्या शेजारच्या लेनमध्ये सहा वर्षांची पोरं झपाझप जायची आणि मी पाइप धरून पाय मारत बसायचो. लाज एक आठवडा वाटते, नंतर कोणी बघतही नाही.

सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो ना?

नाही. साधी हवा, तुम्ही आत्ता घेताय तीच, फक्त गाळून दाबून भरलेली. २१ टक्के ऑक्सिजन, बाकी जवळपास सगळा नायट्रोजन. ११-१२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार प्रेशरनं भरली की साधारण सव्वादोन हजार लिटर हवा बसते. शुद्ध ऑक्सिजन खोल पाण्यात विषारी ठरतो, झटके येतात. दवाखान्यातला सिलिंडर आणि हा, यांचा काही संबंध नाही. आईला हे समजावून सांगा, तिला वाटतं पोरगं ऑक्सिजनवर आहे.

कान फुटतात म्हणे?

मूर्खपणा केला तर फुटतात. दर दहा मीटरला एक वातावरण एवढा दाब वाढतो, म्हणजे दहा मीटरवर वरच्या दुप्पट. तो पहिल्यांदा कानाच्या पडद्याला कळतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, कानात पुट् असं होतं, झालं. दर अर्ध्या-एक मीटरला करत राहायचं, दुखायच्या आधी. माझ्या पहिल्या वेळी जिथं गेलो होतो तिथल्या माणसाला घाई होती, बोटीत अजून आठ गिऱ्हाईकं बसलेली, तो मला तसाच खाली ओढत गेला आणि मी लाजेनं थांब म्हणालो नाही. पुढं आठ दिवस डाव्या कानानं फोन घेता आला नाही. खाली जाताना कान मोकळा झाला नाही तर हात आडवा हलवून दाखवा, थोडं वर या, परत प्रयत्न करा, तरी नाही झालं तर त्या दिवशी डाइव्ह नाही. सर्दी असेल तर उतरायचंच नाही, पैसे गेले तर गेले.

दुसरा नियम याहून मोठा आहे. श्वास कधीही कोंडून धरायचा नाही. वर येताना दाब कमी होतो, छातीतली हवा फुगते, कोंडून धरलात तर फुप्फुस फाटू शकतं आणि त्याला फार खोल असायलाही लागत नाही, दीड मीटरसुद्धा पुरतो.

बीपी, शुगर, दमा, चष्मा?

कोर्सच्या आधी तब्येतीचा फॉर्म भरून घेतात. त्यात खरं लिहा, हो आलं तर डॉक्टरची सही आणा. दमा, फिट येणं, हृदयाचा त्रास, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण, यात परस्पर ठरवायचं नाही. चष्म्याचं सोपं आहे, नंबरच्या काचेचा मास्क मिळतो.

बायामध्ये नक्की आहे काय? नुसते दगड?

बाया म्हणजे रोमन श्रीमंतांचं महाबळेश्वर समजा, फक्त समुद्रकाठचं आणि गरम पाण्याच्या झऱ्यांचं. नेपल्सच्या जवळ पोझ्झुओलीच्या आखातात. बादशहा लोकांचे महाल होते तिथं, हेड्रियन तर १३८ साली तिथंच वारला. ही सगळी जमीन ज्वालामुखीवर बसलेली आहे, काम्पी फ्लेग्रेई म्हणतात, आणि आतल्या हालचालीनं ती शतकानुशतकं सावकाश खाली-वर होत राहते. तव्यावरची भाकरी जशी फुगते आणि बसते तशी. बायाचा किनारा असाच खाली बसत गेला आणि महाल, रस्ते, हमामखाने सगळे समुद्राखाली गेले. पोझ्झुओलीच्या जुन्या रोमन बाजारात तीन खांब उभे आहेत, त्यांना जमिनीपासून बऱ्याच उंचीवर शिंपल्यांनी पाडलेली भोकं आहेत. म्हणजे खांब एकदा समुद्रात बुडून परत वर आलेत. १९८२ ते ८४ या दोन वर्षांत तिथली जमीन पावणेदोन मीटरच्या वर उचलली गेली, लोकांना घरं सोडायला लागली.

आता खाली काय दिसतं. पहिली पाच मिनिटं मला काहीच दिसलं नाही, खरं सांगतो. हिरवट पाणी, वाळू, शेवाळ, दगड. मनात म्हटलं एवढे युरो घालून हिप्परग्याच्या तलावाचा तळ बघतोय. मग गाइडनं एका ठिकाणी थांबवलं आणि तळव्यानं वाळूवर पंखा घालावा तसा वारा घातला, वाळूला हात न लावता. वाळू उडाली आणि खालून फरशी आली, काळ्या-पांढऱ्या दगडी तुकड्यांची नक्षी, कोपरा न् कोपरा जुळलेला. आपल्या चादरीवर जशी नक्षी फिरून फिरून येते ना तशी. दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी यावर चपला काढून बसला असेल आणि मी त्याच्या दीड फूट वर आडवा तरंगतोय. त्यानंतर मात्र दगड दगड राहिले नाहीत. हा सरळ जातोय म्हणजे भिंत, हा उंबरा, हा रस्ता, ही पाण्याची नळी. बघून झाल्यावर गाइडनं वाळू परत फरशीवर ओढून घेतली, पांघरूण घालावं तशी, म्हणजे शेवाळ आणि किडे लागत नाहीत.

क्लॉडियस बादशहाच्या जेवणाच्या दालनातले पुतळे पाचेक मीटरवर आहेत. ते नकली आहेत, आधीच सांगतो म्हणजे नंतर शिव्या देणार नाही. अस्सल पुतळे काढून वरच्या किल्ल्यातल्या म्युझियममध्ये ठेवलेत, ते डाइव्हच्या आधीच बघून घ्या. मी उलटं केलं, आधी डाइव्ह मग म्युझियम, आणि पाण्यात जे बघितलं ते काय होतं हे मला संध्याकाळी कळलं.

एवढंच पाच मीटर? मग सोपंच की.

सगळ्यांचा इथंच गैरसमज होतो. पाच मीटरवर हवा पुरते, तासभर आरामात राहता येतं, शरीरात नायट्रोजन मुरायचं टेन्शन जवळपास नाही, हे खरं. पण उथळ पाण्यात एका जागी स्थिर राहणं खोल पाण्यापेक्षा अवघड असतं. वरून पाच मीटर खाली गेलात की तुमच्या जॅकेटमधली हवा एक तृतीयांश आकसते, पण १५ वरून २० मीटरवर गेलात तर सतराएक टक्केच. म्हणजे उथळात जरा वर-खाली झालं की एकदम फुग्यासारखं वर, नाहीतर धप्पकन खाली. वरून लाटा ढकलत असतातच. आणि खाली काय आहे? फरशी. तिच्यावर गुडघा टेकवला, पायातली फिन (रबरी वल्हं) आपटली, तर दोन हजार वर्षं टिकलेलं तुम्ही दोन सेकंदात उचकटलं.

म्हणून या जागांसाठी खोली शिकायची नाही, तरंगणं शिकायचं. त्याला बॉयन्सी म्हणतात. श्वास घेतला की थोडं वर, सोडला की थोडं खाली, हातांची घडी, पाय गुडघ्यातून वर, बेडकासारखे सावकाश. मी बायाच्या आधी गोव्यात दोन दिवस नुसतं हेच केलं, एका दगडासमोर नाक ठेवून हलायचं नाही. लई बोअर झालं, पण बायाला तेच कामी आलं, कारण आमच्या ग्रुपमधला एक दणकट गडी सायकल मारल्यासारखे पाय मारत पुढं गेला आणि त्याच्यामागं उडालेल्या गाळात बाकीच्यांना दहा मिनिटं काही दिसलं नाही. गाइडनं त्याला वर नेऊन काय सुनावलं ते इटालियनमध्ये होतं पण सगळ्यांना समजलं.

तिथं स्वतःच्या मनानं उतरता येत नाही, २००२ पासून तो समुद्री संरक्षित भाग आहे, परवाना असलेल्या सेंटरबरोबरच जायचं. सर्टिफिकेट कार्ड मागतात. घरचे पोहत नसतील तर तळाला काच असलेली बोट आहे, त्यातून भिंती दिसतात.

द्वारका राहिली की! सोन्याची नगरी दिसते का?

नाही. आणि जो दाखवतो म्हणेल त्याच्याबरोबर जाऊ नका.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत १९८१ मध्ये समुद्री पुरातत्त्वाचा विभाग निघाला. एस. आर. राव त्याचे प्रमुख, लोथल खणणारे तेच. त्यांच्या टीमनं ऐंशीच्या दशकात द्वारकेच्या किनाऱ्याजवळ बरीच वर्षं डाइव्ह मारून दगडी बांधकामाचे अवशेष आणि भोकं पाडलेले दगडी नांगर शोधले. नांगर ढिगानं सापडले म्हणजे जहाजं येत होती, बंदर होतं, यात वाद नाही. वाद वयाचा आहे. रावांचं म्हणणं ही महाभारतातली द्वारका, पुढच्या अभ्यासकांपैकी बऱ्याच जणांना पाण्यातलं बरंचसं बांधकाम आणि नांगर खूप नंतरच्या काळातले वाटतात. माझं मत विचाराल तर वाद मिटेपर्यंत नांगर बघावा आणि गप्प बसावं. तीन भोकांचा तिकोनी दगड, एका भोकात दोर, दोन भोकांत लाकडी खुंट्या, वाळूत रुतून जहाज धरून ठेवायचा. एवढी साधी आणि एवढी हुशार वस्तू मला सोन्याच्या महालापेक्षा आवडते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तिथं पाण्याखाली जाऊन मोरपीस वाहिलं, त्यानंतर चौकशा लई वाढल्या. पुढच्या वर्षी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पाण्याखालच्या विभागानं परत काम सुरू केलं. जायचंच तर हिवाळ्यात जा, सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबई आणि तिथून सौराष्ट्र मेल ओखापर्यंत. पाणी गढूळ निघेल ही तयारी ठेवा. दर्शन घेऊन या, डाइव्ह झाली तर बोनस.

बाकी कुठं?

ग्रीसमध्ये पावलोपेत्री, तीन-चार मीटर पाण्यात पाच हजार वर्षं जुनं गाव, १९६७ ला सापडलं. इस्राएलमध्ये कैसरिया, हेरोद राजाचं बंदर. इजिप्तमध्ये थोनिस-हेराक्लिओन, २००० साली सापडलं, किनाऱ्यापासून साडेसहा किलोमीटर आत.

आणि उजनीवाल्यांना ज्याची गोष्ट ऐकून गलबलेल ते चीनमधलं शिचेंग. १९५९ मध्ये धरणासाठी आख्खं गाव बुडवलं, वेशी, कमानी, दगडावरचे सिंह सगळं जसंच्या तसं तळ्याखाली उभं आहे. ते २५ ते ४० मीटरवर आणि अंधारात आहे, तिथं नवख्यानं जायचं नाही. फोटो बघितले तर वाटतं, आपल्या भीमाकाठच्या वेशीही अशाच कुठंतरी उभ्या असतील गाळात.

एखादं खापर, एखादं नाणं आठवण म्हणून उचललं तर?

बे, नको. आपल्याकडं १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणं शंभर वर्षांवरची वस्तू पुरावशेष ठरते, विकायला नेणं तर लांबच. त्याच्याही आधीचा १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे, जमिनीत दडलेलं दहा रुपयांच्या वरचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. दहा रुपये! इंग्रजांच्या काळचा आकडा तसाच राहिलाय. बाहेरच्या देशात पकडलात तर केस, दंड, पासपोर्ट अडकणं, सगळंच.

पण कायदा सोडा. खापर जिथं पडलंय तिथं त्याला अर्थ असतो. कुठल्या भिंतीजवळ, कुठल्या थरात, शेजारी काय, यावरून वय आणि वापर ठरतो. घरी आणून शोकेसमध्ये ठेवलंत की तो फुटका माठ होतो. चुकून काही वेगळं दिसलं तर हात न लावता जागा लक्षात ठेवा आणि गाइडला दाखवा.

मग सरकार सगळं वर काढून म्युझियममध्ये का ठेवत नाही?

मलाही हेच वाटायचं. पण समुद्रात शेकडो वर्षं पडलेल्या वस्तूत मीठ मुरलेलं असतं. बाहेर काढून वाळवली की मिठाचे खडे होतात आणि मातीचं भांडं पापुद्रे सुटून फुटतं, लोखंड तर डोळ्यादेखत भुसा होतं. आधी महिनोन्महिने गोड्या पाण्यात भिजत ठेवून मीठ काढायला लागतं. लाकडाचं तर विचारू नका. स्वीडनचं वासा जहाज १६२८ ला बुडालं, १९६१ ला वर काढलं, त्यानंतर लाकूड आकसू नये म्हणून त्यावर १७ वर्षं एक मेणासारखं रसायन फवारत होते. एका जहाजाला १७ वर्षं! म्हणून युनेस्कोच्या २००१ च्या करारातही पहिला पर्याय हाच दिलाय की वस्तू आहे तिथंच जपायची.

पुरातत्त्वाचे लोक पाण्याखाली काम कसं करतात? खणता येतं?

येतं. फावडं नसतं. हातानं वारा घालून गाळ सुटा करायचा आणि एअरलिफ्ट नावाच्या जाड पाइपनं तो ओढून घ्यायचा, व्हॅक्यूम क्लीनरसारखं. तळावर दोऱ्या-पाइपांचे चौकोन आखतात, प्रत्येक चौकोनाचं मोजमाप, फोटो. लिहायला प्लॅस्टिकची पाटी आणि शिसपेन्सिल, पाण्यात मस्त उमटते. खाली किती वेळ काम करायचं ते हवा आणि थंडी ठरवते. जमिनीवर एका दिवसाचं काम तिथं आठवडाभर चालतं.

माझी मुलगी इतिहास शिकतेय. यात करिअर होईल?

जागा फार थोड्या, हे आधी सांगतो. पण होतं. आधी पुरातत्त्व, मग डायव्हिंग, हा क्रम. उलटं करून उपयोग नाही, डायव्हर भरपूर मिळतात, खापर बघून काळ सांगणारे मिळत नाहीत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचं एमए होतं. आणि तोपर्यंत तिला हत्तरसंग कुडलला घेऊन जा, भीमा-सीनेच्या संगमावर, शके ९४० चा मराठी शिलालेख आहे तिथं. सोलापूरपासून तासाच्या अंतरावर आहे आणि आपल्यातल्या निम्म्यांनी बघितलेला नाही.

कॅमेरा न्यावा का?

पहिल्या पाच डाइव्हला नाही. कॅमेऱ्यात बघता बघता बॉयन्सी जाते आणि गुडघा टेकतो. नंतर न्यायचा तर लक्षात ठेवा, पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी जातो, पाचेक मीटरवरच सगळं हिरवं-तपकिरी दिसायला लागतं, लाइट नसेल तर फोटो शेवाळाचाच येणार. शिवाय मास्कमधून वस्तू खऱ्यापेक्षा मोठी आणि जवळ वाटते. मी घरी येऊन दोन फुटाचा रांजण म्हणून सांगत होतो, फोटोत शेजारी गाइडचा हात आहे, तो रांजण तांब्याएवढा निघाला.

रविवारी दुपारी डाइव्ह मारून रात्रीच सोलापूरला निघालो तर सोमवारी कामावर जाता येईल ना?

नका करू. शरीरात मुरलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडत असतो, मध्येच उंचीवर गेलात तर बाहेरचा दाब कमी होऊन त्याचे बुडबुडे होऊ शकतात, सांधे दुखणं ते थेट लकवा. विमानासाठी नियम आहे, एकच डाइव्ह असेल तर किमान १२ तास, जास्त डाइव्ह असतील तर किमान १८ तास थांबायचं. आता लोक म्हणतात आम्ही कुठं विमानानं जातोय, गाडीनं जातोय. अहो पण घाट? हा नियम साधारण ६०० मीटरच्या वरच्या उंचीला लागतो आणि आंबोली ६९० मीटरवर आहे. सोलापूर स्वतःच साडेचारशेच्या वर. म्हणजे मालवणहून घरी येणं म्हणजे आपल्यासाठी चढच आहे. शनिवारी दुपारी शेवटची डाइव्ह संपवा, रात्री खाली झोपा, रविवारी सकाळी जेवून निघा. आणि डाइव्हच्या आधी आणि नंतर दारू नाही, हेही त्याच कारणासाठी.

बरोबर खायला काय न्यावं?

कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, कुठंही नेली तरी टिकते. फक्त डाइव्हच्या आधी चटणी खाऊ नका. रेग्युलेटर तोंडात धरून ढेकर आली ना, तासभर तोच वास घेत बसावं लागतं, अनुभवाचे बोल आहेत.

आम्हाला हे सगळं नको, फक्त पळसदेव बघायचंय. कधी जायचं?

मार्चपासून पेपरात उजनीचा आकडा बघत राहा. शून्याच्या आसपास आला की कळस दिसतोच, वजा तीस-चाळीस झाला की कोणालातरी फोन करून पाण्याबाहेर किती आलंय ते विचारा आणि रविवार सोडून जा, रविवारी जत्रा असते. चिखलाला वरून साय येते, आत पाय गुडघ्यापर्यंत जातो, म्हणून जिथून गावातली माणसं चालतात तिथूनच चाला. दगडावर नाव कोरू नका. आणि आमच्या गाडीत दोन जागा आहेत, भाकरी तुमची, चटणी आमच्याकडची.